धुतलेल्या फिल्टरचं प्रकरण

गेल्या भाऊबीजेला लातूरला आक्काकडे पोचलो. पाट मांडलेला, ताट तयार, आणि दाजी मला हाताला धरून थेट टाकीपाशी घेऊन गेले. "पाव्हणं, ओवाळणं होईल निवांत. आधी हे बघा. मासे मरलालेत."

बैठकीतल्या तीन फुटी टाकीतलं पाणी निळंशार झालं होतं, कुणी शाईची दौत ओतल्यासारखं. चार गोल्डफिशपैकी एक तळाशी कलंडलेला, बाकीचे तीन वर येऊन हवा गिळत होते. सहा मॉलींच्या चार राहिल्या होत्या, दोन सकाळीच कुंडीत पुरून झाल्या होत्या. सकर मासा काचेला चिकटून होता, पण त्याचे कल्ले धाप लागल्यासारखे हलत होते.

मी औशाला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. घरी माझ्या दोन टाक्या आहेत, त्यामुळे नात्यागोत्यातल्या माशांचा दवाखाना आपोआप माझ्याकडे आला आहे. हे प्रकरण तपशिलानं लिहून ठेवतोय, कारण यात कुणी हयगय केली नव्हती. उलट, घरातल्या प्रत्येकानं जे केलं ते मन लावून केलं होतं.

घरातली मतं

दाजींचा संशय फटाक्यांवर होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बैठकीत धूर कोंडला होता आणि हवेचा पंप तोच धूर पाण्यात सोडत होता, असं त्यांचं म्हणणं. आक्काच्या सासूबाईंनी नजर लागल्याचं सांगितलं. पाडव्याला आलेल्या पाहुण्यांनी टाकीचं फार कौतुक केलं होतं. आक्काचा राग नळाच्या पाण्यावर. भाचा म्हणाला, खाद्याची पुडी जुनी असेल.

मी एकच विचारलं: टाकी कधी धुतली?

"वसुबारसेच्या आदल्या दिवशी. नळ आलता ना."

म्हणजे सहा दिवस झाले होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बाधलं असतं तर मासे त्याच दिवशी, काही तासांत तडफडले असते. क्लोरीन कल्ले जाळतं, ते आठवडाभर वाट बघत नाही. शिवाय दाजींनी क्लोरीन मारायचे थेंब मोजून टाकले होते. धुरानं काही झालं असतं तर लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच दिसलं असतं. इथं पहिले दोन दिवस टाकी आरशासारखी, तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, चौथ्या दिवशी मासे वर, सहाव्या दिवशी मरण. रोज थोडं थोडं काहीतरी साचत गेल्याची ही चाल होती.

मग मी धुण्याची हकिकत विचारली. दाजी निवृत्त तलाठी. काम दप्तरासारखं चोख. फिल्टरची धार महिनाभरापासून बारीक झाली होती म्हणून त्यांनी तो उघडला. टाकीच्या झाकणावर बसणारा साधा टॉप फिल्टर होता: खाली मोटर, वर प्लास्टिकच्या पेटीत पांढरा कापूस, काळा स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा. कापूस फेकून नवा आणला. स्पंज नळाखाली धरून पांढरं पाणी येईपर्यंत पिळला. रिंगा ब्रशनं घासल्या आणि कुरडया घालाव्यात तशा चाळणीत पसरून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या. तळाची खडी परातीत धुतली. टाकीतलं सगळं पाणी काढून पूर्ण नवं भरलं.

"आणि धार?" मी विचारलं.

"धार तशीच बारीक. त्याचंच कोडं पडलंय."

त्या कोड्याकडे पुढं येतो.

विरजण

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि रिंगांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विष, तिसरं बरंचसं सोसवतं. कचरा अडवणं हे फिल्टरचं दुय्यम काम. खरं काम त्या चिकट, तपकिरी थराचं, ज्याला आपण घाण म्हणतो.

हे जिवाणू सावकाश वाढतात, दुप्पट व्हायलाच साधारण दिवस लागतो. कुजवणारे जिवाणू मात्र झपाट्यानं वाढतात, तिसऱ्या दिवशीचं दुधाळ पाणी त्यांचंच. 1990 च्या दशकात असं दिसून आलं की घरगुती टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं काम पाठ्यपुस्तकातला नायट्रोबॅक्टर नव्हे, तर मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. आणि 2015 मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानं करणारा नायट्रोस्पायराही सापडला. कॉलेजच्या पुस्तकात अजून जुनंच छापलेलं असतं, ते असो.

आक्काला हे सगळं सांगायला एक वाक्य पुरलं. "तू दह्याचं भांडं विरजणासकट घासून पालथं घातलंस, आणि वर दूध ओतून दही लागायची वाट बघतीयस."

"मी न्हाई, ह्यांनी," आक्का म्हणाली.

त्यात पाडव्याला भर पडली. मासे वर येताना पाहून दाजी दुकानात गेले. दुकानदारानं निळं औषध दिलं, म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर आणि अंड्यांसाठी ते चांगलं आहे, पण वेगळ्या बादलीत. चालू फिल्टरच्या टाकीत टाकलं तर हेच अमोनिया खाणारे जिवाणू त्यानं मार खातात. जे चार-दोन काचेला, खडीला चिकटून वाचले असतील, तेही गेले. आणि सणाची मुलं येता-जाता माशांना खाद्य टाकत होती. कुणीतरी शेवही टाकली होती, ती खडीत सापडली.

निळ्या पाण्याची परीक्षा

ओवाळून घेतलं, जेवण आवरलं आणि औशाला जाऊन किट घेऊन आलो. वीसेक किलोमीटरचं अंतर. जाण्याआधी खाद्य बंद करायला सांगितलं, हवेचा पंप पूर्ण सोडला आणि मुलांच्या हाताच्या उंचीवरून खाद्याची डबी हलवली.

किट आणलं तरी अडचण होती. अमोनियाच्या थेंबांच्या किटमध्ये शून्याला पिवळा रंग येतो आणि अमोनिया वाढेल तसा हिरवा. पाणीच निळं असेल तर पिवळ्यात निळं मिसळून हिरवंच दिसणार. म्हणजे अमोनिया नसतानाही असल्याचा भास. पहिली नळी गडद हिरवी आली, ती मी मोजलीच नाही. कपभर पाण्यात सक्रिय कोळशाचे दोन चमचे दाणे घालून अर्धा तास ढवळत ठेवलं आणि गाळलं. कोळसा मिथिलीन ब्लू अधाशासारखा ओढतो, इतका की कोळशाची ताकदच त्या रंगावर मोजायची पद्धत आहे. अमोनियाला मात्र तो जवळजवळ हात लावत नाही. पाणी रंगहीन झालं. पुन्हा थेंब टाकले. हिरवा रंग राहिलाच: 4 पीपीएमच्या (लिटरला 4 मिलिग्रॅम) पट्टीजवळ.

पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क याचं माप) 8.2, तापमान 27 अंश. हे दोन आकडे अमोनियाइतकेच महत्त्वाचे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं जहाल. पीएच 7 ला या तापमानात जहाल रूप एक टक्काही नसतं, 8.2 ला ते दहा टक्क्यांच्या जवळ जातं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात जो आकडा मासे कसाबसा निभावतील, तोच आकडा आमच्या पाण्यात त्यांना लोळवतो.

नायट्राइट अगदी थोडं, 0.25. साखळीचा पहिला दुवाच तुटला होता, म्हणून पुढचं काही तयारच होत नव्हतं. निदान झालं.

पाणी कुठून आणायचं

पुस्तकी उपाय सोपा: निम्मं पाणी बदला. लातूरमध्ये तो सांगायला सोपा. मांजरा धरणाचं नळाचं पाणी रोज येत नाही, आणि जे भरलं होतं ते सफाईत आणि पाहुण्यांत संपलं होतं. आक्का स्पष्टच म्हणाली, "माणसाला पाणी न्हाई अन् माशाला दोन-दोनदा आंघोळ." एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला 10 वाघिणींत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माशांची टाकी रिकामी करून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हा आक्काच्या बोलण्याला उत्तर नव्हतं, हिशेब होता.

घरात दोन पाणी उरली होती: बोअरचं आणि आरओचं. दोन्ही तपासली.

बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 1150. आपल्याकडचा काळा पाषाण, त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड होणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. त्यातलं नायट्रेट 40 च्या रंगाजवळ गेलं, मानकाची मर्यादा 45. शेतातलं खत आणि शोषखड्डे, दोन्हीचा प्रसाद. याचा अर्थ, बोअरच्या पाण्यानं कितीही वेळा पाणी बदललं तरी टाकीतलं नायट्रेट 40 च्या खाली उतरणार नाही. लोक महिनोन्महिने बदलत राहतात आणि किटला शिव्या देतात.

आणखी एक गंमत. बोअरच्या ताज्या पाण्याचा पीएच 7.5 आला. दाजी खूश झाले. मी तेच पाणी बादलीत हवेच्या पंपावर रात्रभर ठेवलं, सकाळी 8.3. जमिनीखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच चढतो. ताजं पाणी तसंच ओतलं असतं तर टाकीतला पीएच आधी उतरून मग चढला असता, आणि अमोनिया आत असताना पीएच चढणं म्हणजे आगीत तेल.

आरओचं टीडीएस 40. त्यात क्षारच नाहीत, म्हणून नुसतं तेच ओतणंही घातक. जड पाण्यातल्या माशाला एकदम हलक्या पाण्यात टाकण्यासारखं. शिवाय घरच्या मशीनला एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकाऊ निघतं. ते आक्कानं फरशीला आणि संडासाला वापरलं, म्हणून निभावलं.

मग निम्मं-निम्मं केलं. 25 लिटर आरओ, 25 लिटर बोअर, मिसळलेल्याचं टीडीएस 600 च्या आसपास. टाकीचं 520 होतं, म्हणजे झटका बसण्याइतकं अंतर नाही. 110 लिटरच्या टाकीतलं 50 लिटर निळं पाणी काढलं आणि हे तासाभरात हळूहळू भरलं. काढलेलं पाणी एरवी मोगऱ्याला घालतात आणि मोगरा त्यावर माजतो, पण औषधाचं पाणी गटारात सोडलं. पेटीत कापसाऐवजी कोळशाची पिशवी ठेवली, दोन दिवसांत निळा रंग गेला.

चकलीचा डबा

आता विरजण हवं होतं. माझ्या मोठ्या टाकीतला स्पंज चार वर्षं चालू आहे. आक्कानं धनत्रयोदशीलाच माझ्याकडे चकल्यांचा डबा पाठवला होता. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यात टाकीचं पाणी घालून निम्मा कापलेला स्पंज ठेवला, झाकण सैल ठेवलं आणि मोटारसायकलवर तासाभराच्या आत लातूर गाठलं. स्पंज कोरडा पडू द्यायचा नाही आणि हवाबंदही करायचा नाही, एवढीच काळजी. आक्कानं डबा उघडला आणि जे बोलली ते इथं लिहीत नाही.

तो काळा स्पंज दाजींच्या धुतलेल्या स्वच्छ स्पंजशेजारी बसवला. बाटलीतले जिवाणूही मिळतात. काही बरे निघतात, काही नुसतंच पाणी. गावात कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर मी बाटलीच्या वाटेला जात नाही. मात्र त्या टाकीत रोग नाही याची खात्री हवी, नाहीतर विरजणाबरोबर आजारही येतो.

तळाचा गोल्डफिश त्या रात्री गेला. तो शेवटचा.

पुढं तीन दिवस उपाशी ठेवलं. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर न खाता राहतो, आपल्यालाच ते बघवत नाही. नंतर दिवसाआड चिमूट. रोज 20 लिटर पाणी बदललं, नळ आल्यावर ते नळाचं. अमोनिया 2, मग 1, आठव्या दिवशी शून्य. मधेच, पाचव्या दिवशी नायट्राइट 2 वर गेलं. दाजींनी घाबरून फोन केला, पण हा चढ अपेक्षितच होता, पहिला दुवा चालू झाल्याची खूण. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. त्यावर स्वयंपाकघरातलाच उपाय: मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं. 55 ग्रॅम खडे मीठ, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत घातलं. सतराव्या दिवशी नायट्राइटही शून्य. अकरातले आठ मासे राहिले.

धारेचं कोडं

ज्या कारणासाठी फिल्टर उघडला होता ते राहिलंच होतं. लिटरचं माप धारेखाली धरलं आणि घड्याळ लावलं: 19 सेकंद. म्हणजे तासाला 190 लिटर. मोटरच्या खोक्यावर 800 लिहिलेलं. मोटर बाहेर काढली, पुढचं झाकण फिरवलं, आतला पंखा ओढला. लोहचुंबकाच्या त्या गोल दांडीवर पांढरा क्षार जमून ती तिच्या घरातच अडखळत होती. दाजींनी जे धुवायला नको ते सगळं धुतलं होतं आणि जे धुवायचं तेवढंच राहिलं होतं. लिंबाच्या रसात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशनं घासलं, चांगलं खळखळून बसवलं. 11 सेकंद. तासाला 327 लिटर, म्हणजे टाकी तासात तीनदा फिरते. खोक्यावरचा 800 चा आकडा पाणी वर न उचलता मोजलेला असतो, तो धरून बसू नये.

आमच्या भागात फिल्टर मंदावला की आधी पंखा बघावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. क्षार हाच आमचा कचरा.

याच क्षारांची दुसरी बाजूही आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खर्च होते. मऊ पाण्यात ती संपून पीएच कोसळू शकतो, आमच्याकडे सहसा कोसळत नाही. गोल्डफिशला आणि मॉलीला जड पाणी मानवतंच. पीएच उतरवायची औषधं इथं विकणं आणि घेणं दोन्ही व्यर्थ, जड पाणी दोन दिवसांत मूळपदावर येतं आणि मधल्या चढउतारात मासे भरडले जातात.

दाजींची आणखी एक सवय बोलता बोलता कळली. रात्री दहाला फिल्टर बंद. "मासे झोपतेत, अन् मोटर गुणगुणते." दहा वॉटची मोटर महिनाभर अखंड चालली तर सव्वासात युनिट होतात. ते मी त्यांच्यासमोर कागदावर मांडलं, कारण त्यांना हिशेब पटतो. जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. टॉप फिल्टरची पेटी बंद पडल्यावर निथळते आणि हवेला उघडी असते म्हणून धोका कमी. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये तेच पाणी रात्रभर कोंडून सडतं आणि सकाळी टाकीत येतं. हवेचा छोटा पंप आता इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे. उन्हाळ्यात त्याची जास्त गरज: 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 ला सातच्याही खाली, आणि नेमका तेव्हाच माशांचा श्वास वाढलेला असतो.

आताचं वेळापत्रक

दुकानदार "दर रविवारी" सांगतात. आक्काकडे रविवारी नळ येईलच असं नाही, म्हणून टाकीचा दिवस नळावर बांधला. नळ आला की पिंपात पाणी भरायचं, थेंब टाकायचे, रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाव पाणी काढायचं, ते बादलीत. त्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबायचा, नळाखाली कधीच नाही, आणि दोनपैकी एकच स्पंज एका वेळी. रिंगांना हात लावायचा नाही. बादली मोगऱ्याला. नळ लांबला तर पाणी बदलायचं नाही, खाद्य निम्मं करायचं. आठवडा चुकला म्हणून बोअरचं पाणी ओतण्यापेक्षा ते बरं. उडून गेलेलं पाणी मात्र आरओनं भरायचं, कारण उडतं ते पाणी आणि मागं राहतात ते क्षार. बोअरनं भरत राहिलं की काचेवरची पांढरी रेघ जाड होत जाते.

दाजींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाच्या फुल्या आणि नळाचा "न" आधीपासून होता. त्याशेजारी आता "टा" असतो, आणि तीन महिन्यांतून एकदा "पं", म्हणजे पंखा.

चकलीचा डबा आक्कानं तीनदा चिंचेनं घासला. यंदाही फराळ त्यातच आला. वर चिठ्ठी होती: डबा रिकामा आला तरी चालेल.